तोंडाचा कॅन्सर : दाताचा डॉक्टर की घशाचा?

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "गालाच्या आतून एक चट्टा आलाय, बरा होत नाही. दाताच्या डॉक्टरकडे जाऊ, की कान-नाक-घशाच्या?" विचारणारे कधी स्वतःसाठी विचारतात, पण बहुतेक वेळा देशातून आलेल्या आई-वडिलांसाठी किंवा सासू-सासऱ्यांसाठी. मग उत्तरं सुरू होतात. एक जण म्हणतो, आधी फॅमिली डॉक्टर. दुसरा म्हणतो, दाताचा विमा वेगळा आहे, त्यात बसणार नाही. तिसरा म्हणतो, थोडी हळद आणि तूप लावून पाहा. चहा संपतो, गाडी घरी जाते आणि चट्टा तिथेच राहतो.

या लेखात या प्रश्नाचं जमेल तेवढं सरळ उत्तर द्यायचं आहे. त्याबरोबरच अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या आणि दंतवैद्यांच्या ज्या मोठमोठ्या संस्था आहेत, त्यांचा रुग्णाला काय उपयोग होतो, हेही सांगायचं आहे. या संस्थांची नावं लांबलचक असतात आणि आद्याक्षरांनी डोकं गरगरतं. पण कुठलं दार कशासाठी ठोठवायचं हे एकदा कळलं, की धावपळ पुष्कळ कमी होते. हा लेख म्हणजे डॉक्टरी सल्ला नव्हे. सल्ला डॉक्टरांचाच घ्यायचा. तो कोणाकडून घ्यावा, एवढंच इथे सांगितलं आहे.

हा प्रश्न आपल्या घरचा का?

तोंडाच्या कॅन्सरचं आणि आपलं नातं जुनं आहे. तंबाखू-चुना, मशेरी, सुपारी, गुटखा, पानमसाला यांपैकी काहीतरी प्रत्येकाच्या घराण्यात कोणी ना कोणी घेतलेलं असतंच. महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगानं गेले. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरही ते इतकी वर्षं काम करत आले. दोन्ही उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. रोग तोच, पण त्याचा शेवट एकसारखा होत नाही. तो किती लवकर सापडतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

सुपारीबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे की तंबाखू नसली म्हणजे झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसती सुपारीही माणसात कॅन्सर घडवणारी म्हणून पहिल्या गटात घातली आहे. इथल्या देशी दुकानाच्या गल्ल्याजवळ टांगलेल्या सुगंधी सुपारीच्या पुड्यांवर मुलांचा हात जातो तेव्हा हे आठवावं.

सुपारीमुळे होणारा आणखी एक विकार आपल्याला माहीत असायला हवा. त्याचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. त्यात गालाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठ होतं, तिखट सोसेनासं होतं आणि तोंड कमी कमी उघडू लागतं. गंमत अशी, की हा विकार आधुनिक वैद्यकात पहिल्यांदा नोंदला गेला तो परदेशात राहणाऱ्या आपल्याच लोकांमध्ये. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो वर्णन केला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला सध्याच्या नावाच्या जवळचं नाव दिलं. या विकाराचं काही रुग्णांत पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. म्हणून "आजीला हल्ली तिखट चालत नाही, वय झालं" असं म्हणून गप्प बसू नये. आजी सुपारी खात असेल तर तिला तोंड उघडायला सांगावं. तिची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये साधारण जायला हवीत. जात नसतील तर तिला डॉक्टरांना दाखवावं.

फॉर्मवरचा एक चौकोन

आमच्या ओळखीच्या एका घरातली ही हकीकत. सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ, वय सत्तरच्या आसपास, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. खालच्या ओठाच्या आत, तंबाखू ठेवायच्या जागी, एक जखम झाली होती. मुलानं त्यांना दाताच्या दवाखान्यात नेलं. फॉर्म मुलानंच भरला. त्यात प्रश्न होता, धूम्रपान करता का? मुलानं "नाही"च्या चौकोनात खूण केली. उत्तर अगदी खरं होतं. डॉक्टरांना वाटलं, कवळी घासत असेल. त्यांनी कवळी थोडी घासून दिली आणि मलम दिलं. पाच आठवडे गेले.

शेवटी सुनेनं विचारलं, "अण्णा, डॉक्टरांना तंबाखूचं सांगितलंत ना?"

"सिगारेट ओढतो का, एवढंच विचारलं गं त्यांनी. मी उभ्या जन्मात कधी ओढली आहे का?"

सूनबाईंनी त्याच दिवशी पुन्हा फोन केला. दुसऱ्या खेपेला ती तंबाखूची आणि चुन्याची डबी पर्समध्ये घालून घेऊन गेली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी डबी उघडून पाहिली आणि तिथल्या तिथे तोंडाच्या सर्जनकडे चिठ्ठी दिली. त्या आठवड्यात तुकडा काढून तपासला गेला. कॅन्सर निघाला, पण लहान होता. शस्त्रक्रिया झाली. अण्णा आज गावी आहेत, मऊ भाकरी दुधात कुस्करून खातात आणि डबीऐवजी खिशात बडीशेप ठेवतात.

यातून घ्यायचं ते इतकंच. अमेरिकन डॉक्टरांना मशेरी म्हणजे काय, गुटखा म्हणजे काय, पान कसं खातात, हे ठाऊक असेलच असं नाही. त्यांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. काय खाता, किती वर्षं, दिवसातून किती वेळा, आणि तोंडात कुठल्या बाजूला ठेवता, हे चारही सांगायचं. पुडी किंवा डबी बरोबर नेली तर उत्तमच.

दात वेगळे, अंग वेगळं

आपल्याला इथे आल्यावर नवल वाटतं की दाताचा विमा वेगळा आणि बाकीच्या शरीराचा वेगळा. याचं मूळ जुन्या इतिहासात आहे. जगातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय १८४० साली बाल्टिमोरला निघालं, आणि ते वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळं निघालं. डॉक्टरांची अमेरिकन मेडिकल असोसिएशन १८४७ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली. दंतवैद्यांची अमेरिकन डेंटल असोसिएशन १८५९ साली नायगारा फॉल्सला सव्वीस दंतवैद्यांनी एकत्र येऊन काढली. तेव्हापासून शाळा दोन, परवाने दोन, संस्था दोन आणि पुढे विमेही दोन. तोंडाचा कॅन्सर मात्र नेमका या दोघांच्या कुंपणावर उगवतो. त्यामुळे रुग्ण कधी या दाराशी तर कधी त्या दाराशी, असा फिरत राहतो.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर असं. जखम तोंडात पुढे, म्हणजे ओठ, गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग किंवा जिभेखाली असेल, तर दाताच्या डॉक्टरकडून सुरुवात करायला हरकत नाही. गिळताना दुखतं, आवाज बदलला, मानेला गाठ आली, कान एकाच बाजूनं दुखतो असं असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं. पण कुठूनही सुरुवात केली तरी एक नियम पक्का धरायचा : दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, बधिरपणा किंवा कारण नसताना हलणारा दात तज्ज्ञांना दाखवायचाच. चट्टा दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीचा कॅन्सर पुष्कळदा दुखत नाही.

पहिलं दार : दंतवैद्य आणि तुकडा तपासणारे

अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१७ साली दंतवैद्यांसाठी तोंडातल्या संशयास्पद चट्ट्यांबद्दल मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांतली एक गोष्ट रुग्णाच्या कामाची आहे. काही दवाखान्यांत निळा प्रकाश टाकून किंवा रंग लावून तोंड तपासतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. असोसिएशनचं म्हणणं असं की, चट्टा खरोखर संशयास्पद असेल तर अशा चाचण्यांवर निर्णय सोडू नये. लगेच तुकडा काढून तपासावा किंवा तज्ज्ञाकडे पाठवावं. तेव्हा "दिव्याखाली चांगलं दिसतंय, सहा महिन्यांनी या" असं कोणी म्हटलं, तर नम्रपणे विचारावं, "डॉक्टर, बायॉप्सीची गरज नाही असं तुम्हांला कशावरून वाटतं?"

काढलेला तुकडा कोण तपासतो, हेही महत्त्वाचं आहे. तोंडाच्या रोगांचे खास पॅथॉलॉजिस्ट असतात. त्यांची अमेरिकन अकॅडमी ऑफ ओरल अँड मॅक्सिलोफेशियल पॅथॉलॉजी १९४६ सालची आहे. तोंडाच्या औषधोपचाराची अमेरिकन अकॅडमी ऑफ ओरल मेडिसिन १९४५ सालची, आणि त्या शाखेला इथे दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २०२० साली. सबम्युकस फायब्रोसिस किंवा बरेच दिवसांचा पांढरा चट्टा यांच्यावर नजर ठेवायची असेल, तर ओरल मेडिसिनचा डॉक्टर शोधावा. असे डॉक्टर संख्येनं थोडे आहेत आणि बहुतेक डेंटल कॉलेजांत सापडतात. तुमच्या राज्यात डेंटल कॉलेज असेल तर तिथे फोन करावा.

दुसरं दार : सर्जन

कॅन्सर ठरल्यावर शस्त्रक्रिया दोन प्रकारचे सर्जन करतात. एक, दंतवैद्यकातून आलेले तोंड-जबड्याचे सर्जन. त्यांची अमेरिकन असोसिएशन ऑफ ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन्स १९१८ साली निघाली. दुसरे, वैद्यकातून आलेले कान-नाक-घशाचे सर्जन, ज्यांच्या अकॅडमीच्या नावात आज "हेड अँड नेक सर्जरी" हे शब्द आहेत. दोन्ही वाटांनी उत्तम सर्जन तयार होतात. पण अक्कलदाढा काढणारा प्रत्येक ओरल सर्जन कॅन्सरची शस्त्रक्रिया करतो असं नाही, आणि टॉन्सिल काढणारा प्रत्येक घशाचा डॉक्टरही करत नाही.

इथे ज्या संस्थेचं नाव लक्षात ठेवावं ती म्हणजे अमेरिकन हेड अँड नेक सोसायटी. पूर्वी याच कामाच्या दोन संस्था होत्या, एक १९५४ सालची आणि दुसरी १९५८ सालची. १९९८ साली त्या एकत्र आल्या. डोकं-मान कॅन्सरच्या सर्जनांची ही इथली प्रमुख संस्था आहे आणि जास्तीच्या प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम ती तपासून मान्य करते. सर्जनला विचारायचा प्रश्न असा : "तुम्ही डोकं-मान कॅन्सरची फेलोशिप केली आहे का? आणि वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?" प्रश्न उद्धट वाटेल म्हणून आपली मंडळी विचारत नाहीत. देशात डॉक्टरांना असं विचारायची पद्धत नाही, हे खरं. इथे मात्र हा प्रश्न रोजचा आहे, आणि चांगले डॉक्टर त्याचं सरळ उत्तर देतात.

या क्षेत्रात आपल्या माणसांचं योगदानही मोठं आहे. बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. जतिन शाह यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये वर्षानुवर्षं हा विभाग सांभाळला. जगभरच्या अशा संस्थांचा महासंघ उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. याच महासंघानं २०१४ साली २७ जुलै हा जागतिक डोकं-मान कॅन्सर दिन म्हणून जाहीर केला.

परळहून शिकागोला

अशा संस्थांची अधिवेशनं म्हणजे नुसत्या मेजवान्या असतात असं पुष्कळांना वाटतं. एक उदाहरण देतो. लहान आकाराचा तोंडाचा कॅन्सर असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावं? हा वाद सर्जनांमध्ये कित्येक वर्षं चालला होता. परळच्या टाटा मेमोरियल इस्पितळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांच्या दोन गटांत याची रीतसर तुलना केली. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली शिकागोला अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीच्या मुख्य सभेत मांडले गेले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, आणि थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. त्या दिवसापासून न्यूजर्सीत असो की नागपुरात, सर्जनचं उत्तर जास्त स्पष्ट झालं.

१९४१ साली सुरू झालेल्या आपल्या टाटा इस्पितळातल्या, बऱ्याचशा गरीब रुग्णांनी दिलेल्या सहभागातून हे ज्ञान निघालं आणि आज अमेरिकेतल्या रुग्णाला ते उपयोगी पडतं. तेव्हा सर्जनशी बोलताना "मानेच्या ग्रंथींचं काय ठरवलं आहे आणि का?" हे जरूर विचारावं. पॅथॉलॉजीच्या अहवालात गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे, तोही आकडा मागावा. २०१८ पासून इथे रोगाची पायरी ठरवताना ही खोली धरतात.

तिसरं दार : किरण, औषधं आणि दात

किरणोपचार करणाऱ्यांची संस्था १९५८ सालची आणि केमोथेरपी देणाऱ्यांची, वर उल्लेख केलेली सोसायटी, १९६४ सालची. शिवाय १९९५ साली मोठ्या कॅन्सर केंद्रांनी मिळून नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्क स्थापन केलं. हे नेटवर्क प्रत्येक कॅन्सरसाठी उपचारांचे नियम काढतं आणि रुग्णांसाठी सोप्या इंग्रजीत पुस्तिकाही देतं. तोंडाच्या कॅन्सरची अशी पुस्तिका फुकट मिळते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी ती काढून आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगावी. मराठी शाळेत शिकवलेलं मराठी इथे खऱ्या अर्थानं कामी येईल.

आता सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ती गोष्ट. जबड्याला किरण देण्याआधी दात तपासून घ्यायलाच हवेत. किरणांनंतर लाळ कमी होते, दात झपाट्यानं किडतात आणि जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. नंतर त्या जागचा दात काढला, तर जखम भरून न येता हाडच मरू शकतं. म्हणून जे दात काढायचे ते किरणांच्या आधी काढतात आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे देतात. ही काळजी एका वर्षाची नसून जन्मभराची आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण दाताची कामं देशात जाऊन करून घेतात, कारण इथे ती परवडत नाहीत. त्यात काही चूक नाही. पण ज्यांच्या जबड्याला किरण मिळाले आहेत, त्यांनी पुण्यात किंवा ठाण्यात, ओळखीच्या दवाखान्यात, "आलोच आहे तर हा दात काढून टाका" असं कधीही म्हणू नये. किरण कुठे आणि किती दिले याचा कागद पासपोर्टबरोबर ठेवावा आणि कुठल्याही दंतवैद्यानं हत्यार हातात घेण्याआधी तो दाखवावा.

पैशांबद्दल एक चांगली बातमी. मेडिकेअर साधारणपणे दातांचा खर्च देत नाही. पण २०२४ पासून डोकं-मान कॅन्सरच्या उपचारांआधी आणि उपचारांदरम्यान लागणारी दातांची तपासणी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार ते देऊ लागलं आहे. त्यासाठी कॅन्सरचे डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्यात लेखी देवाणघेवाण असावी लागते. दोघांच्याही ऑफिसात हे आठवण करून सांगावं. पुष्कळ दंतवैद्यांना मेडिकेअरचं बिल पाठवायची सवयच नसते.

चौथं दार : बोलणं, गिळणं, दिसणं

शस्त्रक्रियेनंतर जगणं पुन्हा शिकावं लागतं. बोलणं आणि गिळणं शिकवणाऱ्या तज्ज्ञांची अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन १९२५ सालची आहे. त्यांच्याकडे उपचार सुरू होण्याआधीच एकदा जाऊन यावं. टाळूचा भाग काढला तर तिथे बसवायची खास कवळी करणारे दंतवैद्य वेगळे असतात आणि त्यांची अकॅडमी ऑफ मॅक्सिलोफेशियल प्रॉस्थेटिक्स १९५३ सालची आहे. साध्या कवळीच्या दवाखान्यात हे काम होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीच सर्जनला विचारावं, "नंतरची कवळी कोण करणार?"

आणि खाणं. तिखट, आंबट, कडक असं काही महिने जमत नाही. मऊ भात, पातळ वरण, दुधातली खीर, ताकातली गुरगुट्या भाताची पेज या आपल्या घरच्याच गोष्टी आहेत. इस्पितळातल्या आहारतज्ज्ञांना या पदार्थांची यादी इंग्रजीत लिहून द्यावी, म्हणजे प्रथिनं आणि उष्मांकांचा हिशेब त्यांना करता येतो. नुसत्या पेजेवर वजन टिकत नाही.

मनाच्या आधारासाठी १९९१ साली न्यूयॉर्क राज्यात नॅन्सी ल्यूपोल्ड यांनी रुग्णांची एक संघटना सुरू केली. त्या स्वतः या रोगातून बऱ्या झाल्या होत्या. अशा गटांत जाणं आपल्या लोकांना अवघड वाटतं. "आपलं दुःख चारचौघांत कशाला?" पण ज्याला स्वतःला भात गिळता येत नव्हता, तोच दुसऱ्याला सांगू शकतो की पुढे तो गिळता येतो.

सभासद आणि परीक्षा

डॉक्टरच्या भिंतीवर दहा प्रमाणपत्रं असतात. त्यांतली काही नुसत्या सभासदत्वाची असतात. सभासद होणं आणि विषयाची परीक्षा उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा घेतात ती बोर्डं. वैद्यकातल्या प्रमुख बोर्डांची मध्यवर्ती संस्था १९३३ सालची आहे, आणि तुमचा डॉक्टर बोर्ड-सर्टिफाइड आहे का, हे तिच्याकडे कोणालाही तपासता येतं. तोंड-जबड्याच्या सर्जनांचं बोर्ड वेगळं आहे.

इस्पितळाचंही तसंच. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचं कमिशन ऑन कॅन्सर १९२२ पासून काम करतं आणि कॅन्सरचे उपचार करणाऱ्या इस्पितळांची तपासणी करून त्यांना मान्यता देतं. त्याखेरीज सरकारच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं सत्तरहून अधिक केंद्रांना विशेष दर्जा दिला आहे. असं केंद्र दोन तासांवर असेल तर निदान दुसरं मत घ्यायला तरी तिथे जावं. दुसरं मत घेतलं म्हणून पहिले डॉक्टर रागावत नाहीत.

देशातून आलेल्यांसाठी

पाहुण्या आई-वडिलांचा प्रवासी विमा आधीपासूनच्या दुखण्याला बहुधा पैसे देत नाही. निदान इथे झालं आणि उपचार देशात करायचे ठरले, तर तिकिटाबरोबरच चार गोष्टी गोळा कराव्यात : पॅथॉलॉजीचा अहवाल, काचेच्या स्लाइड्स आणि मेणातला ठोकळा, स्कॅनची सीडी, आणि इथल्या डॉक्टरांचं पत्र. त्यामुळे तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. टाटा इस्पितळाच्या पुढाकारानं २०१२ साली राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड तयार झालं आहे. त्यामुळे मुंबईलाच जायला हवं असं नाही. घराजवळचं केंद्र त्यात आहे का ते पाहावं. "आता दिवाळी झाल्यावर बघू" असं मात्र म्हणू नये.

आणखी एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे घरातले म्हणतात, "बाबांना सांगू नका." इथले डॉक्टर रुग्णाला सरळ सांगतात. दुभाषा म्हणून मुलगा मध्ये बसला की तो "कॅन्सर"चं "इन्फेक्शन" करतो आणि बाबा सहीच्या जागी सही करतात. आपलं दुखणं काय आहे हे कळण्याचा बाबांचा हक्क आहे, आणि बहुतेक वेळा त्यांना कळलेलं असतंच. मोठ्या इस्पितळांत फोनवर मोफत दुभाषा मिळतो. तो मागावा, आणि मुलानं मुलगा म्हणून हात धरून बसावं.

तरुणांसाठी दोन ओळी

घशाच्या मागच्या भागाचा कॅन्सर इथे वेगळ्या कारणानं वाढला आहे. त्याचं कारण एच.पी.व्ही. नावाचा विषाणू. त्यावरची लस अकरा-बारा वर्षांच्या मुलगे आणि मुली दोघांनाही द्यायची शिफारस आहे, आणि राहून गेली असेल तर सव्विसाव्या वर्षापर्यंत घेता येते. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं की "आमच्या घरात तसलं काही नसतं" असं उत्तर देऊ नये. ही लस कॅन्सर टाळण्यासाठी आहे.

कापून फ्रीजवर लावावं असं

१. दोन आठवड्यांत बरं न झालेलं काहीही तज्ज्ञांना दाखवा.
२. फॉर्मवर "धूम्रपान नाही" असलं तरी तंबाखू, मशेरी, सुपारी, गुटखा तोंडानं सांगा.
३. विचारा : बायॉप्सी लागेल का? तुकडा तोंडाचा पॅथॉलॉजिस्ट पाहणार आहे का?
४. सर्जनला विचारा : वर्षाला किती? मानेच्या ग्रंथींचं काय?
५. किरणांआधी दात. किरणांनंतर विचारल्याशिवाय दात काढू नका.
६. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा फोन रात्रंदिवस चालू असतो : १-८००-२२७-२३४५. तंबाखू सोडायला मदत : १-८००-७८४-८६६९.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या मंडळात दंतवैद्य आहेत, डॉक्टर आहेत. केरळात तिरुवनंतपुरमजवळ झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांची तोंडं नुसती नियमित डोळ्यांनी तपासली तरी त्यांच्यातले या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. त्याला यंत्र लागलं नाही. उजेड, हातमोजे आणि शिकलेली नजर एवढ्यावर काम झालं. गणपतीच्या कार्यक्रमाला देशातून आलेली वडीलधारी मंडळी सगळ्यांत जास्त येतात. त्या दिवशी हॉलच्या एका कोपऱ्यात, पडद्याआड, एक खुर्ची आणि एक दिवा ठेवता येईल. आरती झाली की प्रसादाच्या रांगेआधी पाच मिनिटं "काका, जरा आ करा बघू" एवढंच करायचं आहे. ज्या दंतवैद्य सभासदांना यात मदत करायची इच्छा असेल, त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावं. खुर्ची आणि दिवा मंडळ आणेल.